वाचणार आणि लिहिणार

तांबे सरांसमोर "झालं" हा शब्द उच्चारायची आमच्या हॉस्पिटलात कुणाची छाती नव्हती. वॉर्डातली सिस्टर येऊन म्हणायची, "सर, प्रिंटर जोडला, झालं." सर चष्म्यावरून बघत विचारायचे, "चालतो?"

"चालतो."

"बघितलंत, का धरून चाललात?"

सिस्टर पाय आपटत परत जायची, एक कागद छापून आणायची आणि त्यांच्या टेबलावर ठेवायची. सर तो कागद दोन्ही बाजूंनी बघत आणि म्हणत, "आता झालं."

आमचं हॉस्पिटल परळला, एका ट्रस्टचं. तिथल्या रेकॉर्ड खात्यात माझं अर्धं आयुष्य गेलं आहे. जुने केसपेपर, दाखल्यांच्या नकला, पोलीस केसची कागदपत्रं, सगळं माझ्या ताब्यात. आमच्या शेजारी जिन्याखालच्या खोलीत कॉम्प्युटर खातं होतं. खातं म्हणायचं एवढंच. यशवंत तांबे तिथे एकटेच साहेब होते आणि एकटेच शिपाई. उंच, सडसडीत माणूस. पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटापर्यंत बटणं लावलेली. खिशात दोन पेनं आणि एक घडीचं पितळी भिंग. बोलणं सावकाश. एक शब्द नीट खाली ठेवल्याशिवाय दुसरा उचलायचे नाहीत. मी लालबागची, माझी जीभ पट्ट्यासारखी चालते. त्यामुळे पहिली दोन वर्षं त्यांचं वाक्य संपेपर्यंत माझा जीव खालीवर व्हायचा.

आमची खरी ओळख झाली ती सोमवारच्या रजिस्टरमुळे. दर सोमवारी सकाळी दहाच्या सुमाराला ते माझ्या दारात उभे राहत. "सावंतबाई, अर्धा तास?" मग आम्ही लॅब, ब्लड बँक आणि औषधांचं स्टोअर अशा तीन खोल्यांत जायचो. तिथल्या कॉम्प्युटरवर सर एक काळी खिडकी उघडत, तिच्यात एक ओळ टाईप करत, आणि खाली पाच ओळी उमटत. सर एकेक ओळ मोठ्यानं वाचत. मी लाल कापडी बांधणीच्या रजिस्टरमध्ये लिहायचं. मग मी लिहिलेलं वाचायचं आणि त्यांनी पडद्यावर बोट ठेवून "बरोबर" म्हणायचं. शेवटी दोन सह्या. रजिस्टरमध्ये त्यासाठी दोन रकाने आखलेले होते, "वाचणार" आणि "लिहिणार".

"अहो, पाच ओळी तर आहेत. तुम्हीच वाचा, तुम्हीच लिहा. मला कशाला ताटकळत ठेवता?" मी एकदा विचारलंच.

"वाचणाऱ्यानंच लिहिलं की डोळा आळशी होतो," ते म्हणाले. "मागच्या सोमवारचंच दिसायला लागतं."

त्या पाच ओळींत काय असतं, हे त्यांनी मला लॅबबाहेरच्या बाकावर बसून समजावलं होतं. कॉम्प्युटर एकमेकांना जे पाठवतात ते लहान लहान पाकिटांतून जातं. प्रत्येक पाकिटावर आतल्या आकड्यांची एक बेरीज लिहिलेली असते, तिला चेकसम म्हणतात. पलीकडचा कॉम्प्युटर पाकीट उघडून पुन्हा बेरीज करतो. जुळली तर ठेवतो, नाही जुळली तर टाकून देतो, मग तेच पाकीट परत मागून येतं. ही बेरीज करायचं काम कॉम्प्युटरचं. पण त्याच्यावरचा भार हलका व्हावा म्हणून ते नेटवर्क कार्डावर सोपवता येतं. कार्ड म्हणजे जिथे वायर खोचतात तो भाग. ते काम कार्डाकडे आहे की कॉम्प्युटरकडे, एवढंच त्या पाच ओळी सांगत. कार्डाकडे असेल तर चालू, नसेल तर बंद.

"मग कार्डानं केली बेरीज तर बिघडलं कुठे?"

"कार्ड चांगलं असेल तर कुठेच नाही. पण समजा कार्डाच्या पोटातच एखादा आकडा बदलला, आणि त्यानंतर त्यानं बेरीज केली, तर ती बदललेल्या आकड्याची बेरीज. पलीकडे सगळं जुळणार. कुणाला पत्ताही लागणार नाही. कॉम्प्युटरनं आधीच बेरीज करून दिली असेल, तर चोरी पकडली जाते." मग म्हणाले, "बाकी हॉस्पिटलभर चालू असू दे, कामं भराभर होतात. पण या तीन खोल्यांतल्या आकड्यांवर माणसांना औषधं दिली जातात. इथे थोडं हळू चाललं तरी चालेल. जो माल नेतो त्यालाच मोजायला सांगू नये, सावंतबाई."

मला हे लगेच पटलं, कारण माझी आई तशीच होती. वर्षाचा मसाला कांडायला दिला की ती डंकावर टाकून घरी येत नसे. मिरचीनं डोळे लाल होईस्तोवर तिथेच उभी. कुणी म्हटलं, वहिनी, जावा घरी, पोचवतो आम्ही, की म्हणायची, "आपल्या डोळ्यांनी बघूक व्हया." हे मी सरांना सांगितलं तेव्हा ते चक्क हसले. "तुमच्या आईंना पहिल्याच दिवशी खात्यात घेतलं असतं," म्हणाले.

एकदा बाहेरून एक मोठे सल्लागार आणले होते. सर्व्हर मध्येमध्ये अडतो म्हणून तक्रार होती. त्यांनी आमच्याच सर्व्हरवर बसून बाहेर जाणारी पाकिटं पकडून पाहिली, तर पडद्यावर लालच लाल. सगळ्या बेरजा चुकीच्या! सल्लागारांनी सर्व्हर बदलायलाच हवा असा निकाल दिला. सरांनी शांतपणे विचारलं, "साहेब, हे पाकीट पकडलं कुठे? कार्डाच्या अलीकडे ना? या मशीनवर बेरीज कार्ड लिहितं. अजून लिहिलीच नाही, तर चुकेल कशी?" आणि आपली ती एक ओळ टाईप करून दाखवली. पाचही ओळी चालू होत्या. सल्लागार चहा पिऊन गेले. दोष शेवटी एका उंदरानं कुरतडलेल्या वायरीत सापडला. मी पोट धरून हसत होते. सर म्हणाले, "हसू नका. त्यांनी निदान बघितलं तरी."

त्यांच्या घरी मी एकदाच गेले, त्यांच्या आई गेल्या तेव्हा. काळाचौकीची चाळ, दुसरा मजला. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली मेणबत्ती, आणि बाजूला आईवडिलांचे फोटो. वडील मिलमध्ये फोल्डिंग खात्यात कापड तपासायला होते. खिशातलं ते पितळी भिंग त्यांचं. कापडावर ठेवून सुतं मोजायचं. मिल बंद झाली तरी म्हाताऱ्याची सवय सुटली नव्हती. चाळीतल्या बायका लग्नाच्या साड्या कौतुकानं दाखवायला आणायच्या आणि हे भिंग लावून सांगायचे, वहिनी, दुकानदारानं फसवलं. पुढेपुढे बायका त्यांचं दार चुकवूनच जायला लागल्या. हे सांगताना सरांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ओठांवर हसूही होतं. सहा डिसेंबरला दादरला चैत्यभूमीकडे जाणाऱ्या रांगेला पाणी वाटायचं काम त्यांच्या चाळीकडे असे. प्रत्येक पिंप उघडलं की पहिला पेला सर स्वतः पीत. थंडीतसुद्धा. शेजारी त्यांची टिंगल करायचे, आणि तरीही त्यांनी प्यायल्याशिवाय पिंप पुढे सरकवायचे नाहीत.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला घेतलं, ती सांगते. आजवर तिच्यापासून मी पळ काढत आले आहे.

त्या वर्षी गणपती तोंडावर आले होते. आमच्या मंडळातल्या बायकांच्या लेझीम पथकासाठी एकसारख्या साड्या घ्यायच्या होत्या आणि सोमवारी सकाळी दादरला जायचं ठरलं होतं. सर दारात आले तेव्हा मी पर्स खांद्याला लावून उभी होते.

"सर, आजच्या दिवस तुम्हीच करा ना. आठवड्यात काय बदलणारे?"

ते घुटमळले. रजिस्टर त्यांच्या हातात होतं. "बरं," म्हणाले. "या जाऊन."

मी गेले. जांभळी साडी घ्यावी की हिरवी यावर दोन तास भांडून आलो. संध्याकाळी रजिस्टर माझ्या कपाटात परत आलेलं होतं. मी ते उघडलंसुद्धा नाही.

त्याच्या दुसऱ्याच दिवशी एका वॉर्डात गडबड उडाली. शिवडीचे एक आजोबा दाखल होते. पडद्यावर त्यांचं पोटॅशियम सात पूर्णांक आठ दिसलं. इतकं असलं तर हृदय बंद पडू शकतं, म्हणून डॉक्टरांनी तातडीनं ते खाली आणायची औषधं दिली. पण आजोबांचं पोटॅशियम मुळात तीन पूर्णांक आठ होतं, अगदी व्यवस्थित. औषधानं ते फार खाली गेलं, ठोके चुकायला लागले, आणि त्यांना आयसीयूत हलवावं लागलं. दोन दिवस सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. आजोबा वाचले.

ती तपासणी लॅबमधल्या शर्मिला परबनं केली होती. ज्या जुन्या मशीनवर ती होते, तिथला आकडा आधी वहीत लिहायचा आणि मग हातानं कॉम्प्युटरवर टाईप करायचा अशी पद्धत. शर्मिलाच्या वहीत तीन पूर्णांक आठ होतं, कॉम्प्युटरवर सात पूर्णांक आठ. सगळ्यांनी एकच अर्थ काढला, की पोरीनं टाईप करताना चूक केली. चौकशी बसली. नोकरी जाणार हे जवळपास नक्की होतं, आणि लॅबच्या कामात असा ठपका लागला की दुसरीकडे कुणी दारात उभं करत नाही. ती माझ्या खोलीत येऊन रडली.

"ताई, कीबोर्ड बघा ना. त्या आकड्यांच्या चौकोनात तीन खाली उजवीकडे आहे आणि सात वर डावीकडे. माझं बोट एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जाईल कसं? आणि मी टाईप केल्यावर वाचते हो परत. रोज वाचते."

"मग नेटवर्कमध्ये काही झालं असेल."

"तेच तर म्हटलं मी. तर म्हणाले, तांबे सरांनी त्याच आठवड्यात तपासलंय. रजिस्टरला 'बंद' लिहिलंय पाचही ठिकाणी. बंद असताना आकडा असा गुपचूप बदलूच शकत नाही म्हणे."

म्हणजे सरांचं रजिस्टरच तिच्या गळ्याशी आलं होतं. सरांच्या शब्दावर कुणी शंका घेण्याचा प्रश्नच नव्हता. तो सोमवार कुठला, हे तेव्हाही माझ्या डोक्यात आलं नाही.

सरांना हे कळलं तेव्हा ते माझ्याकडे आले. "परब मॅडमच्या वह्या आहेत तुमच्याकडे?" चौकशीसाठी त्या माझ्याच ताब्यात दिल्या होत्या. आम्ही दोघं बसलो. शर्मिलाच्या वहीतून मी वाचायचं, कॉम्प्युटरवरचा आकडा त्यांनी सांगायचा. शेकडो आकडे जुळले. मग एक जुळला नाही. दीडच्या जागी साडेपाच होते. बऱ्याच वेळानं आणखी एक, दोनच्या जागी सहा. मग शून्याच्या जागी चार. हे आकडे साध्या तपासण्यांचे होते, म्हणून कुणाच्या लक्षात आले नव्हते. सरांनी ते एकाखाली एक लिहिले.

"दरवेळी चारनं जास्त," ते म्हणाले. "माणसाचं बोट असं चुकत नाही, सावंतबाई. माणूस कसाही चुकतो. हे यंत्र आहे."

आम्ही लॅबमध्ये गेलो. सरांनी काळी खिडकी उघडली, ती ओळ टाईप केली. मी रजिस्टर उघडून पेन सरसावलं. ते वाचायला लागले आणि मी लिहायला. पहिली ओळ झाल्यावर ते थांबले.

"काय लिहिलंत?"

मी बघितलं. मी "बंद" लिहिलं होतं.

"मी 'चालू' म्हणालो," सर हळूच म्हणाले.

पाचही ओळी चालू होत्या. मी पडद्याकडे बघितलं, सरांकडे बघितलं. त्यांनी खिशातून वडिलांचं भिंग काढलं आणि पडद्याला लावलं. अक्षरं चांगली मोठी होती, भिंगाची काही गरज नव्हती. मग त्यांनी रजिस्टर आपल्याकडे ओढलं आणि मागचं पान उलटलं. त्या सोमवारी पाचही ठिकाणी "बंद", सरांच्या वळणदार अक्षरात. त्याच्या आदल्या शुक्रवारी लॅबचं जुनं कार्ड जळालं होतं आणि ज्या कंपनीकडून कॉम्प्युटर घेतले होते तिच्या माणसानं नवं बसवलं होतं. नवं कार्ड येतं तेव्हा त्यात हे चालूच असतं. "वाचणार" या रकान्यात सरांची सही होती. "लिहिणार" रिकामा होता.

"बघा," ते म्हणाले. "आत्ता तुमचं झालं तेच माझं झालं. पडदा समोर होता आणि मी मागचा सोमवार लिहून काढला."

मी त्यांना म्हटलं, "सर, रजिस्टर कशाला काढायचं? कार्ड खराब निघालं एवढंच सांगा ना. शर्मिला सुटेल." हे मी त्यांच्यासाठी म्हणाले की माझ्यासाठी, ते मला अजून नीट सांगता येत नाही. सर दोन महिन्यांनी निवृत्त होणार होते आणि त्यांना आणखी दोन वर्षं ठेवून घ्यायची फाईल वरच्या सहीला गेलेली होती. त्यांना ती दोन वर्षं मनापासून हवी होती. जिन्याखालची ती खोली सोडून त्यांना दुसरं घर नव्हतं असंच म्हणायला हवं.

"नाही सुटणार," ते म्हणाले. "कंपनीवाला विचारेल, तुमच्या रजिस्टरात बंद आहे, मग आमचं कार्ड आकडा बदलून पचवेल कसं? बरोबर विचारेल तो. रजिस्टर खरं असेल तर पोरगी खोटी. पोरगी खरी असेल तर रजिस्टर खोटं. दोन्ही ठेवता येत नाहीत."

चौकशी दुसऱ्या मजल्यावरच्या सभेच्या खोलीत होती. सुपरिंटेंडेंट साहेब, दोन मोठे डॉक्टर, कंपनीचा माणूस, खाली मान घालून बसलेली शर्मिला, आणि रजिस्टर मांडीवर घेऊन मी. कागदपत्रं हजर करायचं काम माझं होतं. सर उभे राहिले. आकड्यांची ती चारची गोष्ट त्यांनी सावकाश समजावली. ते खराब कार्ड टेबलावर ठेवलं. मग म्हणाले, "त्या सोमवारची माझी नोंद खोटी आहे. मी न बघता लिहिलं. परब मॅडमचा आकडा बरोबर होता."

साहेबांना ते ऐकवेना. "तांबे, विचार करून बोला. तुमच्या इतक्या वर्षांच्या नोकरीत..."

"इतकी वर्षं बघून लिहिलं, म्हणून तर सगळ्यांनी हे खरं मानलं साहेब. त्यातच पोरगी अडकली."

साहेबांनी माझ्याकडून रजिस्टर मागून घेतलं. बोट फिरवत ते त्या ओळीवर आले. "इथे दुसरी सही नाही. नियम दोघांचा आहे ना? दुसरं कोण असतं?"

मी पेनाचं टोपण काढत होते आणि लावत होते. तोंड उघडायला मला कुणी मनाई केली नव्हती. सरांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"नियम मीच केला होता," ते म्हणाले, "मोडला मीच."

शर्मिलावरचा ठपका निघाला. सर तिथून थेट वॉर्डात गेले. शिवडीच्या आजोबांच्या खाटेपाशी उभं राहून त्यांनी त्यांच्या मुलाला सगळं सांगितलं आणि हात जोडले. मुलगा खूप बोलला. अख्ख्या वॉर्डानं ऐकलं. सर मान खाली घालून शेवटपर्यंत उभे राहिले. आजोबाच शेवटी मुलाला म्हणाले, "पुरे आता. माणूस सांगायला आलाय."

निवृत्तीनंतर ठेवून घ्यायची फाईल वरून परत आली नाही. कुणी नाही म्हणालं नाही, कुणी हो म्हणालं नाही. शेवटचा सोमवार आला तेव्हा सर नेहमीप्रमाणे दारात उभे. "सावंतबाई, अर्धा तास?" आम्ही तिन्ही खोल्या केल्या. सगळं बंद होतं, सगळं जुळलं. त्यांनी सही केली. मी केली नाही. मी मागची पानं उलटत त्या सोमवारावर गेले. रिकाम्या रकान्यात लिहिलं, "गैरहजर. माझ्या सांगण्यावरून सरांनी एकट्यानं तपासलं." खाली नाव घातलं. मग पद्धतीप्रमाणे मोठ्यानं वाचलं.

सरांनी भिंग काढलं. ओळीवर ठेवलं.

"परत वाचा."

मी परत वाचलं.

"बरोबर," ते म्हणाले, आणि शेजारी सही केली. मी दोन महिने वाट बघत होते की हा माणूस मला एकदा तरी रागावेल. ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

नंतर ते फारसे भेटले नाहीत. कधी चिंचपोकळीच्या पुलावर भाजीची पिशवी घेऊन दिसायचे, आणि भर गर्दीत थांबून विचारायचे, "सोमवार चालू आहे ना?" मी हो म्हणायचे. "बघितलंत, का..." एवढं म्हणून ते हसायचे. सोमवार खरंच चालू होता. त्यांच्या जागी आलेले गृहस्थ पहिल्यांदा कुरकुरले, पण मी पेन घेऊन त्यांच्या दारात उभी राहत असे. लिहायला शर्मिलाही येऊ लागली.

मागच्या वर्षी त्यांना आमच्याच हॉस्पिटलात आणलं. मूत्रपिंडं निकामी होत आली होती. दुपारी मी वर गेले तर ते खाटेवर टेकून बसले होते, चेहरा सुजलेला, शर्टाची बटणं मात्र मनगटापर्यंत लावलेली. शेजारच्या पडद्यावर रिपोर्ट आला होता. पोटॅशियम सात पूर्णांक एक. ड्यूटीवरची डॉक्टर डायलिसिसची तयारी करायला धावली.

सरांनी मला खुणेनं जवळ बोलावलं. "लॅबमध्ये कोण आहे?"

"शर्मिला आहे."

"वही घेऊन यायला सांगा."

शर्मिला पळतच आली. वही छातीशी धरलेली. सर म्हणाले, "मॅडम, तुम्ही वहीतलं वाचा. सावंतबाई, तुम्ही पडद्यावरचं."

शर्मिलानं पान उघडलं. मी पडद्याकडे बघत होते. देवाशप्पथ सांगते, त्या क्षणी मी मनात हात जोडले होते, की आज तरी तीनचा सात झालेला असू दे. कार्ड खोटं असू दे, रजिस्टर खोटं असू दे, आमच्या दोघींपैकी कुणाची तरी चूक निघू दे.

"सात पूर्णांक एक," शर्मिला म्हणाली.

सर माझ्याकडे बघत होते.

"सात पूर्णांक एक, सर," मी म्हटलं.

त्यांनी डोळे मिटले आणि मान हलवली. "बरोबर." मग सावकाश, एकेक शब्द खाली ठेवत म्हणाले, "सह्या करा दोघींनी."

शर्मिलानं वही खाटेच्या कडेवर ठेवली. त्या आकड्यापुढे तिनं सही केली आणि पेन माझ्याकडे दिलं. मी सही केली. दुसऱ्या दिवशी पहाटे ते गेले.